साखर सोडल्याचे पेढे

चेकरमामांनी साखर सोडली, त्याचे पेढे मी एकूण अकरा वेळा खाल्ले. बाराव्यांदा सोडली तेव्हा पेढे आले नाहीत. ते का आले नाहीत हे सांगायचं तर मामांबद्दल बरंच सांगावं लागेल आणि थोडं माझ्याबद्दलही. माझा भाग मी शक्य तितका मागे ढकलणार आहे.

मामा नात्याने माझे कुणी नव्हेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिसात चलनं टाइप करायचो आणि ते चेकिंग खात्यात होते. सगळा कारखाना त्यांना चेकरमामा म्हणायचा. आमची घरं एकाच कॉलनीत, मध्ये फक्त दोन दारं, त्यामुळे रिटायर झाल्यावरही नाव तेच राहिलं. आता मामा-मामी मुलाकडे पुण्याला असतात आणि आमच्या कॉलनीतली वांगी कुणी तपासत नाही.

वांग्यांचं नंतर सांगतो, आधी टेबल. कारखान्यात खिडकीपाशी मामांचं एक लांबलचक टेबल होतं. मागावरून उतरलेला टॉवेल धुऊन, कापून, शिवून झाला की शेवटी त्या टेबलावर यायचा. मामा तो दोन्ही हातांनी पसरायचे, एकदा सुलटा, एकदा उलटा. कुठे सूत तुटलंय, कुठे तेलाचा डाग पडलाय, कुठे शिवण सुटलीय, ते त्यांना बोटांनाच कळायचं. काही सापडलं की खिशातला निळा खडू निघायचा आणि टॉवेलवर फुली पडायची. फुली पडली तो माल सेकंड, नाही पडली तो फ्रेश. फ्रेश माल खोक्यांत भरून परदेशी जायचा. सेकंडचा ढीग कोपऱ्यात साठायचा आणि नंतर आम्हा कामगारांना किलोवर मिळायचा. ज्या घरातलं कुणी टॉवेलच्या कारखान्यात आहे त्या घरात फ्रेश टॉवेल औषधालाही सापडत नाही, ही सोलापूरची रीतच आहे.

एकदा गाडी भरायची घाई होती. मालक स्वतः खाली आले आणि म्हणाले, "मामा, एका डागानं काय होतंय? जाऊ द्या."

मामा म्हणाले, "एका डागानं एकच हुतंय मालक. त्यो सेकंड हुतोय." आणि मालकांच्या देखत फुली मारली.

अशी तीसेक वर्षं काढलेल्या माणसाला रिटायर केलं तरी खडू कसा रिटायर होणार? तो शर्टाच्या खिशात राहिलाच. मंडईत मामा वांगं हातात घेऊन दोन्ही बाजूंनी फिरवायचे आणि भाजीवालीला म्हणायचे, "हितं टोचलंय. सेकंड." आमच्या घरी जेवायला आले तर भाकरी उलटी करून बघायचे. बायको त्यांच्यापुरत्या भाकऱ्या अशा जपून भाजायची की मला जन्मात कधी तशी भाकरी मिळाली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी जावयाला जवळ बोलावलं, खांद्याला हात लावला, चालायला लावलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "फ्रेश हाय." मी दोन दिवस छाती फुगवून हिंडत होतो.

रिटायर झाल्यावर वर्षभरात मामांची शुगर निघाली. शुगर निघणं ही आमच्या कॉलनीत काही मोठी गोष्ट नव्हती. संध्याकाळी कट्ट्यावर आम्ही पाच-सहा म्हातारे बसायचो, त्यांत ज्याला काहीच नाही त्याला बोलायला विषय नसायचा. पण मामांना ती फार लागली. स्वतःच्या रक्तात डाग निघावा आणि तो आपल्याला आधी दिसू नये, हा त्यांच्या लेखी नोकरीतलाच गुन्हा होता.

त्याच सुमारास ज्येष्ठ नागरिकांसाठी एक व्याख्यान झालं. एका मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी. वक्ते पुण्याहून आलेले, पांढरे बूट, हातात माईक. त्यांचा विषय असा होता की उतारवयात चांगली सवय लावायची असेल तर एखादी नवी सुरुवात पकडावी. पाडवा, वाढदिवस, नवं वर्ष, नवं घर, काहीही चालेल. त्या दिवशी माणसाला मागचं मागे टाकून नव्यानं पान उलटल्यासारखं वाटतं आणि मन ऐकतं. म्हातारे माना डोलवत होते. चहाची वेळ झाली असावी अशा बेताने काही जण घड्याळाकडेही बघत होते.

मामा माझ्या शेजारी बसून अगदी प्राण कानात आणून ऐकत होते. एवढ्यात मागून आयोजकांनी वक्त्यांच्या सत्काराचा टॉवेल हातोहात पुढे पाठवला. आमच्याकडे सत्कार म्हणजे टॉवेल, टोपी आणि नारळ. मामांनी सवयीने टॉवेलची घडी उलगडली, उलटी केली आणि त्यांचा चेहरा पडला. कडेला एक सूत सुटलेलं होतं. पुण्याच्या पाहुण्याला सोलापुरात सेकंडचा टॉवेल द्यायचा? ते तसेच उठले, स्कूटर काढली आणि बदलून आणायला गेले.

ते गेल्यावर वक्त्यांनी व्याख्यानाचा दुसरा भाग सांगितला. तो असा, की सुरुवात केल्यावर खंड पडणारच. एखादा दिवस चुकला तर नव्या मुहूर्ताची वाट बघायची नाही. दुसऱ्या दिवशी उठून तेच पुढे चालू करायचं, कारण सगळं त्या दुसऱ्या दिवसावरच अवलंबून असतं.

मामा फ्रेश टॉवेल घेऊन परतले तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. पुढे काय झालं ते त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा ते सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

त्या सभेतले बाकी सगळे चहा पिऊन घरी गेले आणि जसे होते तसे राहिले. वक्त्यांवर विश्वास ठेवणारे मामा एकटेच निघाले. त्यांनी ऐकलेलं अर्धं व्याख्यान आपल्या टेबलाला जोडलं आणि त्यातून एक पद्धत तयार केली. नवी सुरुवात म्हणजे मागावर लावलेला नवा पीस. पहिल्या दिवसापासून कॅलेंडरवर रोज निळ्या खडूने एक बारीक रेघ. साखर नाही, सकाळी कंबर तलावाला फेरी, गोळी वेळेवर. यांतलं एक जरी चुकलं की त्या दिवसावर फुली आणि पीस सेकंड. सेकंडचा पीस पुढे विणत कोण बसतंय? तो टाकून द्यायचा आणि पुढचा चांगला दिवस बघून नवा पीस लावायचा.

पहिला पीस एक जानेवारीला लागला. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत कुणीतरी हातावर तिळगूळ ठेवला आणि मामांनी तो भिडेखातर तोंडात टाकला. घरी आल्यावर फुली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दारात बसून खारी आणि गोड चहा घेताना बघितलं.

मी म्हटलं, "मामा, फेरी?"

"पीस गेला की काल."

"मग आज पुन्हा सुरू करा."

"आज?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी लग्नाला पितृपक्षातली तारीख सुचवली होती. "आज काय हाय? ना सण, ना एक तारीक, ना सोमवार. ह्यात काय धरायचं?"

"मग या मधल्या दिवसांचं काय?"

"मधलं दिवस मोजायचं नसत्यात," असं म्हणून त्यांनी दुसरी खारी बुडवली.

हे मधले दिवस म्हणजे मामांच्या पद्धतीतला सगळ्यात सुखाचा भाग होता. त्यांवर ना रेघ, ना फुली. त्या दिवसांत खाल्लेलं कुणाच्याच अंगाला लागत नाही अशी त्यांची खात्री होती. पाडव्याला लावलेला पीस सोळाव्या दिवशी गेला, कारण सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते आलं की सोलापुरातला माणूस तलावाला फेरी मारत नाही, पिंपं भरतो. मामा पिंपं भरत बसले, फेरी हुकली, फुली पडली. त्यानंतर जूनपर्यंत आंबे मोकळेपणी खाता आले.

जूनमध्ये त्यांचा वाढदिवस होता. म्हणजे शाळेतला. सांगोल्याकडच्या ज्या वाडीवर मामा जन्मले तिथे जन्मतारीख ठेवायची पद्धत नव्हती. शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरातल्या पोराला मास्तरांनी शाळेत घातलं आणि इतर सगळ्यांसारखी एक जून लिहून टाकली. आई मात्र सांगायची की तू हुरड्याच्या दिवसांत झालास. मामांना नव्या सुरुवातींची इतकी टंचाई होती की त्यांनी दोन्ही वाढदिवस लावून धरले.

प्रत्येक पिसाच्या आदल्या दिवशी निरोप समारंभ असायचा. कारखान्यात कुणी रिटायर झालं की मामाच टॉवेल-टोपी देऊन दोन शब्द बोलायचे, तो हात इथे कामी आला. कट्ट्यावर आम्ही सगळे जमायचो. मध्ये स्टुलावर जिलबीची ताटली. मामा तिच्यासमोर उभे राहून म्हणायचे, "तुमी आमाला लई वर्सं साथ दिली. लग्नाकार्यात कदी कमी पडू दिलं न्हाय. आता वयाप्रमानं थांबायला पायजे." मग सगळ्यांनी मिळून निरोपाच्या पाहुणीला संपवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली रेघ मारायच्या आधी, साखर सोडल्याचे पेढे. ज्या माणसाने साखर सोडली नसती तर महिन्यातून एखादा पेढा खाल्ला असता, त्याने सोडली म्हणून पाच-सहा खाल्ले. पाव किलो जिलबी वेगळी.

आमच्यात एक अण्णा होते. त्याच कारखान्यात मागांवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. घरात तेलुगू बोलणारे, बाहेर फारसं काहीच न बोलणारे. अण्णा रोज सकाळी चालायचे. किती वर्षं, ते कुणाला माहीत नव्हतं. मामांनी एकदा त्यांना अगदी चौकशीच्या सुरात विचारलं, "अण्णा, तुमी कोणत्या दिवशी सुरू केलं?"

अण्णांनी बराच विचार केला. "माझी सायकल मोडली की. त्या दिवशी."

"तीथ कुटली हुती?"

"चेन तुटली होती," अण्णा म्हणाले.

मामांनी हे उत्तर बाजूला ठेवलं. ज्या सुरुवातीला तारीख नाही तिच्यावर त्यांचा भरवसा बसत नव्हता.

आता बुटांकडे येतो. नव्या पिसाला नवे बूट, हा मामांचा नियम होता. जुन्या बुटांत जुनी खोड राहते म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या पलंगाखाली बुटांची खोकी साठत गेली. एकेक जोड आठ-पंधरा दिवस चाललेला आणि मग फुली पडल्यामुळे निवृत्त झालेला. बूट पायाला रुळायला जेवढे दिवस लागतात तेवढे मामांचा कुठलाच पीस टिकला नाही. मी हे कट्ट्यावर बोलून दाखवलं तेव्हा सगळे पोट धरून हसले, मामाही हसले. मला त्या दिवसांत मामांवर बोलायला फार सुचायचं. घरी गेलो की बायकोला मामांची आजची तऱ्हा सांगायची आणि मग जेवायला बसायचं, असा आमचा क्रम झाला होता.

अकरावा पीस गुढीपाडव्याला लागला. सोलापुरात पाडव्याला सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर येतं. मामा पांढरे, कडक, नवेकोरे बूट घालून तलावाला गेले आणि उत्साहाच्या भरात एकाच्या चार फेऱ्या मारल्या. संध्याकाळी मामींनी मोजा धुवायला घेतला तर तो करंगळीपाशी लाल होता. मामांना काही दुखलंच नव्हतं. शुगरने पायाची जाण कमी होते, हे आम्हाला सगळ्यांना ऐकून माहीत होतं. स्वतःच्या बाबतीत ते कुणी धरून चालत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आणि स्पष्ट होत्या. त्यांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, रोज ड्रेसिंगला यायला सांगितलं, बूट बंद केले आणि बजावलं, "जखम साधी आहे, पण तुमच्यासाठी साधी नाही. एक दिवसही दुर्लक्ष करू नका."

मामांनी ते शब्दशः घेतलं. पाच दिवस कॅलेंडरवर गोळ्यांच्या रेघा पडल्या. सहाव्या दिवशी सांगोल्याकडे भावकीत लग्न होतं. मामा पहाटेच्या गाडीने गेले आणि गोळ्या घरच्या फडताळात राहिल्या. सातव्या दिवशी संध्याकाळी मी कट्ट्यावर विचारलं, "पाय काय म्हणतोय?"

"काल गोळी चुकली. पीस गेला," मामा म्हणाले. "आता अक्षय तृतीयेपासनं परत पयल्यापासनं लावतो. डाक्तरीण म्हनलीच हुती, एक दिवस बी चुकवू नगा म्हून."

"आणि ड्रेसिंग?"

"ते बी संगटच."

मी हसलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. अक्षय तृतीयेला तेव्हा तीन आठवडे होते. हे मी मोजलं होतं, कारण त्याशिवाय गंमत पुरती सांगता येत नव्हती. व्याख्यानाचं ते राहिलेलं वाक्य मला त्या वेळी आठवलंही होतं. पण मामांना ते सांगितलं असतं तर त्यांची पद्धतच मोडली असती, आणि मग कट्ट्यावर बोलायला काय उरलं असतं?

दोन आठवड्यांनी अण्णांनी ते बघितलं. बिघडलेला माग आवाजावरून ओळखणारा माणूस, त्यांना मामांच्या चालीत काहीतरी खटकलं. ते कट्ट्यावरून उठले आणि मामांसमोर खाली बसून म्हणाले, "चप्पल काढा." मामांनी काढली. करंगळी काळी पडली होती. अण्णा तसेच रस्त्यावर जाऊन रिक्षा घेऊन आले.

करंगळी काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन मामींना सांगितलं, "बोट गेलं, पाय वाचलाय. जखम भरल्यावर चालणं, खाणं आणि गोळ्या सांभाळल्या नाहीत तर पुढच्या वेळी पाय जाईल. मी घाबरवत नाहीये." मामींनी मान हलवली. मी भिंतीकडे बघत उभा होतो.

दोन दिवसांनी आम्ही भेटायला गेलो तेव्हा मामा छताकडे बघत पडले होते. समोर दवाखान्याचं जेवण तसंच झाकलेलं. इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टरला त्यांनी परत पाठवलं होतं. पायाच्या पांढऱ्या बँडेजवर निळ्या खडूची फुली होती. ती त्यांनी स्वतः, वाकून, मारली होती.

"मामा, हे काय?" मी म्हटलं.

"बोट न्हाय. डागी माल," ते म्हणाले. "ह्येच्यावर कशाला कष्ट घ्यायचं कुणी? ह्यो काय आता फ्रेश हुनार हाय व्हय?"

यात थट्टा नव्हती. त्यांचा तिसाहून अधिक वर्षांचा कायदा होता आणि ते तो स्वतःला लावत होते. ही तऱ्हा घरी जाऊन बायकोला सांगण्यातली नव्हती.

मामी कोपऱ्यात पिशवी आवरत होत्या. माढ्याकडच्या, बोलायला कमी, कामाला वाघ. त्यांनी पिशवीतून एक टॉवेल काढला. धुऊन धुऊन मऊ झालेला, मूळचा रंग कोणता ते सांगता येऊ नये असा. तो त्यांनी मामांच्या छातीवर टाकला.

"ह्यो बगा," त्या म्हणाल्या.

मामांनी तो दोन्ही हातांनी पसरला, एकदा सुलटा, एकदा उलटा. त्या अवस्थेतही बोटं कडेला जाऊन थांबली. तिथे दोन-तीन सुतं नव्हती. "सेकंड हाय," ते म्हणाले.

"कुणी फुली मारली हुती?"

मामांनी टॉवेल छातीवर खाली ठेवला.

"तुमीच की. थोरला साळंत जायला लागला त्या साली किलोवर आनलेला. त्याच्या आदी आन त्याच्या मागनं घरात जेवडं आलं ते समदं तुमच्या फुलीचंच. संसार झाला त्येच्यावर. पोरं पुसली, तुमी अंग पुसलं. पानी टिपतोय का न्हाय ह्यो?"

मामांनी टॉवेलचं टोक बोटांत चुरगळून बघितलं. "टिपतोय," ते म्हणाले.

"मग गप जेवा," मामी म्हणाल्या आणि ताटावरचं झाकण काढलं. टॉवेल त्यांनी ओला केला आणि आधी बँडेजवरची फुली पुसली. ती पूर्ण गेली नाही, निळसर पुसट राहिली.

मामा जेवत असताना मी त्यांना ते सांगितलं. व्याख्यानाच्या दिवशी ते टॉवेल बदलायला गेले तेव्हा वक्ते काय म्हणाले होते ते सगळं, चुकलेला दिवस आणि त्याचा दुसरा दिवस. मामांनी घास हातात धरून ऐकलं.

"ह्ये तुमाला तवापासनं ठावं हुतं?"

"हो."

त्यांनी घास तोंडात घातला. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी जिला गंमत समजत होतो तिची किंमत दुसऱ्याच्या पायाने दिली होती.

जखम भरायला पावसाळा आला. त्या वर्षी श्रावण अधिक होता. अधिक महिन्यात आमच्याकडे कुणी काही नवं सुरू करत नाही. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. नव्या कामाला हा महिना मोजणीतच नाही, पुढचा निज श्रावण आला की मग बघायचं. असल्या महिन्यात, मधल्याच कुठल्या तरी वारी, मामा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मऊ चपला घालून घराबाहेर पडले. घरात वागवून वागवून त्या आधीच मळल्या होत्या. निरोप समारंभ झाला नाही, पेढे आले नाहीत. मला तर चार दिवसांनी कळलं, तेही अण्णांकडून.

"मामा येतात की," अण्णा म्हणाले. "रोज नाही. येतात."

आता माझा भाग. तो आणखी मागे ढकलता येत नाही. मामा दवाखान्यात असतानाच मी माझं रक्त तपासून घेतलं होतं. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली होता. आकडा मी इथे लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं होतं आणि मी ठरवलंही होतं. निज श्रावणाचा पहिला सोमवार. दिवस चांगला, हवा चांगली, उपवासही असतो. तोवर मधल्या दिवसांत मी काय खात होतो ते बायकोला माहीत आहे.

अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे घालतात. म्हणजे पुरण भरलेले उंडे, उकडून वर तुपाची धार. मामा साठी उलटलेले जावई, पण माढ्याच्या मेव्हण्याने हौसेने बोलावलं. मामा गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी कट्ट्यावरूनच विचारलं, "किती?" त्यांनी एक बोट वर केलं आणि दुसरं अर्धं दुमडून दाखवलं. मी मनाशी म्हटलं, गेला पीस. खोटं कशाला सांगू, मला थोडं बरंही वाटलं. मामा थांबले की मलाही सोमवारची वाट निवांत बघता येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावर थाप पडली. उघडलं तर मामा, मागे फाटकाशी अण्णा.

"मामा, काल धोंडा झाला ना?"

"झाला की. दीड."

"मग पीस सेकंड झाला."

"व्हय, सेकंड," मामा म्हणाले. "चला."

"मी येणारच आहे," मी म्हटलं. "निज श्रावण लागू दे. पहिल्या सोमवारपासून पक्कं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. आधी समोरून बघितलं, मग किंचित बाजूला सरकून दुसऱ्या अंगाने. तीस वर्षं त्या टेबलावर मी ही नजर बघितली होती. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि मी खरोखर एक पाऊल मागे सरलो. खिशातून रुमाल निघाला. त्यांनी तोंड पुसलं.

"रिपोर्ट साड्यांखाली हाय न्हवं?" ते म्हणाले.

मी वळून बघितलं तर बायको स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच घासत होती.

मी आत गेलो, माळ्यावरून खोकं काढलं. सोमवारसाठी आणून ठेवलेले बूट होते, पांढरे, कागदसुद्धा न काढलेले. खोकं घेऊन मी दारात आलो आणि खाली बसून झाकण उघडलं.

मामांनी आपल्या चार बोटांच्या पायाने ते खोकं हळूच बाजूला सारलं.

"चपला घाला," ते म्हणाले. "जुन्याच."